अकरा महिन्यांचं इंग्रजी

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला दर अकरा महिन्यांनी दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक भाडेवाढ आणि दुसरी करारातलं इंग्रजी. भाडेवाढीवर निदान घासाघीस तरी करता येते.

आमचा एजंट एरवी "साहेब, टेन्शन नका घेऊ" एवढ्यावर सगळे व्यवहार उरकतो. पण करार लिहायला बसला की त्याच्या अंगात पहिल्या एलिझाबेथ राणीचा कारकून संचारतो. मसुद्यात ठळक अक्षरांत 'नाऊ धिस ॲग्रीमेंट विटनेसेथ' असं होतं. ते ऐकून बायको म्हणाली, "हे विटनेस शेठ कोण? यांनापण दलाली द्यायची का?"

नववीतल्या कन्येला शाळेत शेक्सपिअर आहे. ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, तो 'एथ' म्हणजे आत्ताचा 'एस'. 'ही', 'शी', 'इट'च्या क्रियापदाला लागायचा. हॅथ म्हणजे हॅज, डथ म्हणजे डज. आणि 'दाऊ' असेल तर 'एस्ट' लागतो."

हा दाऊ म्हणजे आपला 'तू', आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. पुढे इंग्रज सरसकट सगळ्यांना तुम्ही म्हणायला लागले आणि तू उरला मुख्यतः प्रार्थनेत, देवापुरता. घरमालकांना एकदा तरी अरे-तुरे करायची माझी फार इच्छा आहे, पण मसुद्यात तशी सोय नव्हती.

जुन्या दस्तांत म्हणे 'हा करार' हा कर्ता अगदी वर असायचा. मग तारीख, गाव, दोन्ही पक्षांची नावं, पत्ते, आणि हे सगळं ओलांडल्यावर कुठे ते विटनेसेथ यायचं. क्रियापदाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची ही मराठी खोड इंग्रजांना कुणी लावली कोण जाणे!

देअरऑफ, देअरइन, हिअरआफ्टर ही भावंडं मात्र मला घरचीच वाटतात. त्याचा, त्यात, यापुढे. शब्दाला शेपूट चिकटवायला आपण पाळण्यातच शिकतो. घात करतो तो व्हेअरफोर. त्यात 'कुठे' नाहीच, तो 'का' विचारतो. सज्जातली ज्युलिएट रोमिओ कुठे उलथलाय हे विचारत नसते, तू रोमिओच का झालास, म्हणून रडत असते. गॅदरिंगमधल्या समस्त ज्युलिएटा तरीही कपाळावर हात आडवा धरून त्याला अंधारात शोधतात.

पुढे माझ्या नावाला एक लांबलचक कंस होता. 'अनलेस इट बी रिपग्नंट टू द कॉन्टेक्स्ट', म्हणजे संदर्भाला रिपग्नंट नसेल तर, माझ्यात माझे वारसही धरावेत. इथे 'इज'ऐवजी 'बी' का, तर जर-तरची गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी क्रियापदाचं रूप बदलायचं. ते ठीक. पण रिपग्नंट? एरवी त्याचा अर्थ किळसवाणा, इथे नुसता विसंगत. बायकोला पहिला अर्थ जास्त पटला.

'लेट'चंही तसंच. आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. हा लेट म्हणजे उशीर नव्हे आणि परवानगीही नव्हे, चक्क अडथळा!

इंग्रजांना तरी किती हसायचं? आपल्या खरेदीखतात अजून 'लिहून देतो ऐसाजे' असतं आणि गुंठाभर जमिनीबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं मिळतं. माझ्या वाट्याला एक गळका गिझर, तोही 'सदर'.

कराराच्या शेवटी दोन्ही पक्षांनी 'हिअरअंटू सेट देअर हँड्स' करायचं, म्हणजे सह्या. हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. माझा अंगठा लागला, मालकांचा लागेना. पुसून झाला, फुंकून झाला.

"काका, केसांवर घासा. तेलाने उठतो."

काकांना टक्कल. एजंटने खोलीभर नजर फिरवली.

"साहेब, तुम्ही जरा डोकं पुढे करता का?"

लायसेन्सरने सदर अंगठा लायसेन्सीच्या सदर डोक्यावर घासला. मशीनने लगेच घेतला.