'वर्दी हाच आमचा व्यायाम' म्हणणाऱ्यांना

अग्निशमन दलाच्या जवानांबद्दलचा एक मजकूर दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते असं: भरतीला धावून दाखवलंय, आता काम हाच व्यायाम. जवान दगावतो तो आगीत नाहीतर ढिगाऱ्याखाली, तिथे दंड-बैठका काय कामाच्या? ड्यूटीवर घाम गाळला तर वर्दी (आगीची किंवा अपघाताची खबर) आल्यावर त्राण उरत नाही. आणि शेवटी हुकमी वाक्य, 'व्यायाम करतानाच किती जण कोसळतात, ते बघा.'

आधी 'काम हाच व्यायाम'. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२००७) असं दिसलं, की प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा वर्षाकाठी जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नसतं. गाड्यांची देखभाल, रस्त्यावर सांडलेलं तेल, पडलेलं झाड, मांज्यात अडकलेली घार, आणि बराचसा काळ नुसती वाट पाहणं. मग एके रात्री बाराव्या मजल्यावर आग लागते, लिफ्ट बंद, आणि कोट, हेल्मेट, बीए सेट (श्वासासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) मिळून वीस किलोच्या वर ओझं घेऊन जिना चढायचा. शरीर घडतं ते नेमाने पडणाऱ्या ताणाने. महिन्यातून एखाद्या वेळी बसणाऱ्या अशा हिसक्याने ते झिजतं.

दुसरा मुद्दा, आगीत नाहीतर ढिगाऱ्याखाली दगावण्याचा, भावनेचा आहे, म्हणून तो लोकांना पटतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गेले. २०१५ मध्ये काळबादेवीची इमारत कोसळली आणि दलाने चार अधिकारी गमावले. हे विसरायचं नाहीच. पण त्याच अमेरिकी अभ्यासात १९९४ ते २००४ या काळातले, ९/११ चा हल्ला वगळून, ड्यूटीवरचे ११४४ मृत्यू तपासले. त्यातले ४४९ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले होते, म्हणजे सुमारे ३९ टक्के. या हृदयमृत्यूंपैकी ३२ टक्के आग विझवताना झाले आणि १३ टक्के वर्दीवर जाताना, म्हणजे होजला (पाण्याच्या नळीला) हात लागण्याआधीच!

असं का होतं? जाड कोटातून घाम सुकत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता आतच कोंडते. रक्त त्वचेकडे वळतं, घामावाटे त्यातलं पाणी घटतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. ती तूट भरून काढायला हृदय काही मिनिटांत कमाल वेगाच्या जवळ पोचतं. त्यात रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते. आकडे अमेरिकेचे आहेत हे मान्य, पण मे महिन्यातल्या मुंबईच्या दमट हवेत हे सगळं सौम्य होईल असं मानायला काहीच आधार नाही. भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, तो भाग वेगळाच.

त्राण उरत नाही, ही तक्रार अर्धी खरी आहे. दमछाक होईपर्यंत पळवलं तर नक्कीच उरणार नाही. पण तसं करा असं म्हणतंय कोण? अर्धा-पाऊण तास, पुरेसं पाणी, जोर राखून केलेली मेहनत, इतकंच. दोष व्यायामाचा नाही, वेळापत्रक आखणाऱ्याचा आहे.

आता ते हुकमी वाक्य. ते खोटं नाही, आणि व्यायामाची बाजू घेणारे ते टाळतात हे मला खटकतं. त्याच ४४९ मृत्यूंपैकी साडेबारा टक्के शारीरिक प्रशिक्षणाच्या वेळी झाले. पण ते कुणाचे होते? अशा मृत्यूंमागे बहुतेकदा आधीपासूनचा, न तपासलेला आजार असतो. वर्षभर खुर्चीत बसलेल्या पंचेचाळिशीच्या जवानाला चाचणी आली म्हणून अचानक धावायला लावलं, तर तो व्यायाम नव्हे, जुगार आहे. आधी रक्तदाब, साखर, गरज असेल तिथे ट्रेडमिल चाचणी, मग चालण्यापासून हळूहळू सुरुवात. शिवाय जो मैदानावर कोसळू शकतो, तो बाराव्या मजल्यावर बीए सेटसकट कोसळला तर त्याला खाली आणायला आणखी दोघे-चौघे धोक्यात जातात.

आणि नुसते दंड फुगवून भागत नाही. अमेरिकेत भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीपॅट चाचणीत सुमारे २३ किलोचं जॅकेट घालून होज ओढणं, शिडी उभारणं, डमी फरफटत नेणं अशी आठ कामं १० मिनिटं २० सेकंदांत उरकावी लागतात. जिना चढताना वर आणखी ११ किलो. कामाशी नातं असलेला व्यायाम म्हणजे हा. जोर (पुश-अप) काढण्याबाबतचा २०१९ चा अभ्यासही खूप फिरवला जातो: इंडियानातले ११०४ पुरुष जवान, ४० हून अधिक जोर काढणाऱ्यांना दहा वर्षांत हृदयविकार फारच कमी. पण तिथे जोर हे एकूण तंदुरुस्तीचं लक्षण आहे, औषध नव्हे.

राहिलं 'भरतीला धावून दाखवलंय'. ते धावणं विशीतलं होतं आणि मुंबईत निवृत्ती ५८ व्या वर्षी आहे. मधल्या तीसेक वर्षांचं काय, याबद्दल त्या मजकुरात एक ओळही नाही.