ग्लासातला बर्फ खरा, समुद्राचा हिशेब खोटा

पारा चाळिशीपार गेला की सोलापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरतो: "ग्लासातला बर्फ विरघळला तरी पाणी वाढत नाही. मग ध्रुवांवरचा बर्फ वितळून समुद्र वाढणार, ही थाप आहे."

(विरघळते ती साखर, बर्फ वितळतो.)

अर्धा मेसेज बरोबर आहे. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो. २०० ग्रॅम बर्फाचं आकारमान साधारण २१८ मिली. त्यातला २०० मिली भाग पाण्याखाली असतो, १८ मिली वर डोकावतो. वितळल्यावर पाणी होतं २०० मिलीच. लादीचा मधला भाग बुडबुड्यांनी पांढरट असला तरी हिशेब बदलत नाही, कारण तो वजनाचा आहे.

"आमच्याकडे तर पाणी वाढलं" म्हणणारेही खोटं बोलत नाहीत. ग्लास बर्फाने गच्च भरून वर थोडंसं पाणी ओतलं, की बर्फ तळाला टेकतो. तो तरंगतच नसतो. बोटाने दाबून पाहा: खाली जाऊन परत वर आला पाहिजे. शिवाय बर्फ संपल्यावर ग्लास तसाच ठेवला आणि पाणी ४० अंशांपर्यंत तापलं, तर ३०० मिली पाणी दोनेक मिली फुगतं. उलट, बर्फात २७ ग्रॅमचा खडा गोठलेला असेल तर पातळी उतरते: तरंगताना तो २७ मिली पाणी सारत होता, बुडाल्यावर फक्त १० मिली.

आता खरी चूक. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा बहुतेक बर्फ जमिनीवर आहे, ग्लासाबाहेर. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं की उजनी चढते. ते पाणी आधी उजनीत नव्हतं, म्हणून. हे तसंच.

८ सेंटीमीटर व्यासाच्या, सरळ भिंतीच्या दोन उंच बरण्या घ्या. दोन्हींत १० सेंटीमीटर गार पाणी. एकीत २०० ग्रॅम बर्फ सोडा: पातळी लगेच १४ वर जाईल आणि तिथेच राहील. दुसरीच्या तोंडावर नरसाळं, त्यावर चाळणी आणि चाळणीत तेवढाच बर्फ. नरसाळं विसरलात तर थेंब बाहेर गळतात आणि उत्तर कमी येतं. ही पातळी १० वरून हळूहळू १४ वर येते. मेसेजवाले पहिली बरणी दाखवतात आणि बोलतात दुसरीबद्दल.

ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर ५० मीटरच्या वर. उत्तर ध्रुवाचा बर्फ मात्र तरंगता आहे. तिथे मेसेज जवळजवळ बरोबर. जवळजवळ, कारण समुद्राचं पाणी खारं आणि जड असतं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून पहिली बरणी पुन्हा करा: पातळी जेमतेम १ मिलीमीटर चढेल.

तरंगता बर्फ गेला म्हणून बिघडत नाही, असंही नाही. २००२ मध्ये अंटार्क्टिकाजवळचा लार्सन बी हा तरंगता हिमथर फुटला. त्याने समुद्र वाढला नाही, पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या वेगाने समुद्रात सरकू लागल्या. चाळणीतला बर्फ बरणीत यायला लागला.