तिसरी शिट्टी कोणाची?

सुरुवात चिमणीच्या गोष्टीपासून झाली. त्या रात्री आमच्या भागात लाईट गेली होती आणि लाईटीबरोबर वायफायही. म्हणून आमचे चिरंजीव सोहम, वय वर्षे आठ, नाइलाजाने आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. माझ्या आईनं कावळ्याचं शेणाचं घर, चिमणीचं मेणाचं घर, मुसळधार पाऊस असं सगळं रीतसर उभं केलं. कावळा दाराशी आला. चिमणी म्हणाली, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे." मग म्हणाली, "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे." तेव्हा सोहम डोळे न उघडता म्हणाला, "आजी, हा पार्ट स्किप कर की."

आई बराच वेळ गप्प बसली. मग अंधारात माझ्या दिशेनं आवाज आला, "याला कुणाला तरी दाखव बाबा."

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघतो. बावीस वर्षं किर्द-खतावणीत गेल्यामुळं कसलंही संकट आलं की मी आधी वही आणतो. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणून तिच्यावर 'स्क्रीन किर्द' असं लिहिलं आणि खाती पाडली: शाळेचं, करमणुकीचं, आजीसोबतचं, किरकोळ. मंजूर मर्यादाही शोधून ठेवली. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाचला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखत, आणि पाच ते दहाला दोन तासांच्या आत. आमच्या खातेदाराची पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली १४० मिनिटं. मंजुरीपेक्षा जास्त उचल.

खातेदार मात्र तयारीचा होता. "पप्पा, मंगळवारी माझी चाळीस मिनिटं उरली होती, ती आज द्या."

"शिल्लक पुढं ओढता येत नाही."

"मग त्याच्यावर व्याज तरी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण त्याचं बालबचत खातं मीच उघडलंय आणि व्याजाचं महत्त्वही मीच समजावून सांगितलंय. शनिवारपर्यंत त्याच्याकडं पावणेतीन तासांची थकबाकी झाली. रविवारी सकाळी तो दात घासता घासता म्हणाला, "पप्पा, एकरकमी तडजोड करूया. मागचं सगळं माफ, सोमवारपासून नवीन." जेवताना मी फोनवर कर्जदारांशी काय बोलतो ते तो कान देऊन ऐकत होता, हे मला तेव्हा कळलं.

इकडं हिनं स्वतंत्र चौकशी चालवली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार घातलाय आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिकच आहे, ही सगळी माहिती तिनं रात्री एक वाजता पांघरुणात मोबाईलवर वाचून काढली. (हिच्या नावे ९५ मिनिटं. तेव्हा नोंद केली नव्हती, आता करतोय.) सकाळी मी उठलो तोवर ऑनलाइन समुपदेशन ठरलेलं होतं. पंचेचाळीस मिनिटं, आठशे रुपये, आगाऊ.

पोराचं स्क्रीन बघणं कमी व्हावं म्हणून आम्ही चौघं एका स्क्रीनपुढं दाटीवाटीनं बसलो. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. लिंक उघडेना. मी ओटीपी टाकला, तो आधीचा निघाला. हिनं टाकला, तोवर मुदत संपली. शेवटी रुग्णानं स्वतः मोबाईल हातात घेतला, चार ठिकाणी बोट लावलं आणि डॉक्टरीणबाई प्रकट झाल्या. "कुणी जोडून दिलं?" त्यांनी कौतुकानं विचारलं. आम्ही तिघांनी एकाच वेळी छताकडं बघितलं. पुढं बरणी सरकली आणि मोबाईल उताणा पडला, तेव्हा मॅडमनीही छताकडंच बघितलं. पाच मिनिटं त्यांनी आमच्या पंख्याशी अतिशय आपुलकीनं संवाद साधला.

बाई मात्र खरंच चांगल्या होत्या. सोहमला विकारबिकार काही नाही, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. विकार म्हणायला खेळावरचा ताबा सुटून झोप, शाळा, माणसं सगळं मागं पडावं लागतं, तेही साधारण वर्षभर. हिचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुम्ही किती वेळ बघता?"

"मी कुठं बघतीय? नुसतं चालू असतंय."

"बरं. घरात अशी कुठली जागा आहे, जिथं कुणीच मोबाईल नेत नाही?"

आम्ही विचारात पडलो. सोहम म्हणाला, "बाथरूम." मग जरा थांबून, "नाही नाही. पप्पा नेतात."

शेवटी घरचा अभ्यास मिळाला. एक ॲप घ्यायचं. त्यात रोज रात्री पाच चेहऱ्यांपैकी एक निवडून आजचा दिवस कसा गेला ते नोंदवायचं. शिवाय श्वासाचा व्यायाम. त्या व्हिडिओत एक निळं वर्तुळ फुगतं आणि आकसतं. ते फुगलं की श्वास घ्यायचा, आकसलं की सोडायचा. एक गोड आवाज सांगतो, "डोळे अलगद मिटा आणि वर्तुळाकडे लक्ष द्या." आई हे दोन्ही एकदम करायच्या नादात चक्कर येऊन आडवी झाली. ॲपचं वेगळंच. आमची वसुलीची बैठक ऐन रंगात असताना माझ्या खिशातून टिंग व्हायचं आणि पडद्यावर यायचं, 'आज सोहमला कसं वाटतंय?' शेजारी बसलेल्या थकबाकीदाराला कसं वाटतंय, हे कुणी विचारत नव्हतं.

महिनाअखेरीस मी किर्द बंद केली. उपचारापूर्वी रोज १४० मिनिटं. उपचारानंतर: सत्र, चेहरे, वर्तुळ, आणि आपलं पोर बरं होतंय का ते बघायला हिनं दाखवलेले व्हिडिओ धरून १८५. खातेदाराचं म्हणणं असं, की उपचाराची मिनिटं त्याच्या नावे टाकायची नाहीत, कारण कर्ज त्यानं मागितलेलं नाही. मुद्दा बिनतोड होता.

मग माझ्या कानावर आलं, की सरकारची टेलि-मानस नावाची मानसिक आरोग्यासाठीची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून. शिवाय तो फोन कानाला लावायचा असतो, म्हणजे स्क्रीन बंदच. मी हे उत्साहानं घरी सांगितलं. ही म्हणाली, "आठशे रुपये भरायच्या आधी का नाही सांगितलंत?" तेव्हापासून ही रक्कम वसुलीस अपात्र म्हणून मी निर्लेखित केली आहे.

अखेर उपाय आमच्या जिल्ह्यातच सापडला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाईल बंद होतात. करोनातल्या ऑनलाइन शाळेनं पोरांच्या हातात मोबाईल आला तो सुटेना, म्हणून गावानं हे ठरवलं. अख्खं गाव करू शकतं, तर आम्ही चौघं का नाही?

आमच्याकडं भोंगा नव्हता. कुकर होता. ठरलं असं, की सातला कुकर लावायचा आणि तिसऱ्या शिट्टीला सगळे मोबाईल तांदळाच्या डब्यात. पहिल्या संध्याकाळी दोन शिट्ट्या निर्विवाद झाल्या. तिसरी झाली तसा मी हात पुढं केला. सोहम मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "ही आपली नाही. समोरच्या काकूंची आहे."

सगळे गॅलरीत गेलो. समोरच्या काकूही गॅलरीतच होत्या. त्यांचं म्हणणं, त्यांची वरणाची दुसरी झाली, तिसरी आमचीच. आई म्हणाली, आमच्या शिट्टीचा आवाज जरा घोगरा आहे. हा वाद मिटेपर्यंत आमच्या भाताच्या सात शिट्ट्या झाल्या होत्या. त्या रात्री आम्ही पेज प्यायलो.

तरी डबा सुरू झाला. पहिले दोन दिवस आम्ही चौघं एकमेकांकडं रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसल्यासारखं बघत बसलो. मधूनच तांदळातून घुर्र घुर्र असा आवाज यायचा, की चौघांच्याही माना वळायच्या. एकदा शाखाधिकाऱ्यांचा फोन असणार म्हणून मी कोपरापर्यंत हात घातला, तर निघाला हिचा. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी उद्याचा डबा काय विचारत होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या चार्जिंगच्या भोकात आंबेमोहोराचा एक तुकडा अडकला. तो सोहमनं जीभ बाहेर काढून, सेफ्टी पिननं, तब्बल वीस मिनिटं खपून काढला. आजी बॅटरी धरून उभी. तो निघाला तेव्हा घरात टाळ्या वाजल्या.

आणि मग मला जरा पश्चात्ताप व्हावा असं झालं. रिकाम्या दीड तासात सोहमनं माझी किर्द वाचायला घेतली आणि लाल पेन मागितलं. रविवारी मला लेखापरीक्षण अहवाल मिळाला. आजी: 'साडेसातला मीठ आणायला काकूंकडे जाते, पूर्ण सिरियल बघून येते. मीठ आणत नाही.' वर्ग क. मम्मी: वर्ग ब. स्वतः: वर्ग अ. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: 'पप्पा ही किर्द रात्री मोबाईलमध्ये पण लिहितात. रोज पंचवीस मिनिटं. कुठेच धरलेली नाहीत.' वर्ग ड.

आमच्या सहकारात अहवाल आल्यावर तीन महिन्यांच्या आत दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो मी आत्ता लिहायला बसलोय, कागदावर. सात वाजत आलेत, दोन शिट्ट्या झाल्यात, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतोय, "अरे सोहम, ही कुणाची रे?"