‘कमांडरला चेकबुक द्या’ या मागणीचा प्रतिवाद

अर्थसंकल्प सादर झाला की संरक्षण खर्चाच्या आकड्यांपाठोपाठ एक मजकूर मराठी समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. सीमेवर प्राण पणाला लावणाऱ्या अधिकाऱ्याला गाडीचा एक टायर घ्यायचा असला तरी बाबूची सही लागते. खरा निर्णय समिती घेते आणि कमांडर फक्त शिक्का मारतो. या समित्यांमुळेच सामान वेळेवर पोचत नाही. शिवाजी महाराजांना कधी समिती लागली नव्हती आणि अमेरिकेच्या सेनापतीलाही लागत नाही. समित्या नेमणे म्हणजे अधिकाऱ्यांवर अविश्वास दाखवणे. तेव्हा त्या रद्द करा आणि कमांडरच्या हाती चेकबुक द्या. लिहिणाऱ्याची लष्कराविषयीची आस्था खरी असावी. त्याची माहिती मात्र बहुतेक ठिकाणी चुकीची आहे, आणि जिथे ती बरोबर आहे तिथे निष्कर्ष उलटा काढलेला आहे.

सर्वप्रथम एक गल्लत दूर करायला हवी. या मजकुरात लढाऊ विमानांच्या रखडलेल्या खरेदीचे उदाहरण देऊन खापर कमांडरच्या सल्लागारांवर फोडले जाते. २०२५-२६ या वर्षासाठी संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी रुपयांची होती. त्यापैकी १,८०,००० कोटी सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी, ३,११,७३२ कोटी महसुली खर्चासाठी आणि १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. विमाने, तोफा, युद्धनौका भांडवली खर्चात मोडतात आणि त्यांचे मोठे निर्णय संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण संपादन परिषदेत होतात. पुण्यातील दक्षिण कमांडच्या मुख्यालयापासून खालच्या बटालियनपर्यंतचे अधिकारी जो पैसा रोज सांभाळतात, तो मुख्यतः महसुली खर्चातला, आणि त्यातही वेतन वगळून उरलेला: सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, प्रशिक्षण, किरकोळ साहित्य. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

आता टायर. टायरची मागणी नेहमीच्या पुरवठ्याच्या मार्गाने ऑर्डनन्सकडे, म्हणजे लष्कराच्या साहित्य-भांडाराकडे जाते. तिथे माल नसेल तर तसा दाखला मिळतो आणि युनिट स्थानिक खरेदी करू शकते. ही खरेदी मंजूर करणारा सक्षम वित्तीय प्राधिकारी, ज्याला छावणीत सगळे सीएफए म्हणतात, तो गणवेशातलाच अधिकारी असतो. बटालियनचा कमांडिंग ऑफिसर, ब्रिगेड कमांडर, त्याहून मोठ्या तुकडीचा प्रमुख जीओसी, प्रत्येकाची मर्यादा ठरलेली असते. एका ठरावीक रकमेपर्यंत त्याला पैशाच्या बाजूने प्रस्ताव तपासणाऱ्या वित्तीय सल्लागाराची सहमती लागतच नाही, त्यापुढे लागते. ७ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झालेल्या सुधारित आदेशाने हे अधिकार सर्वसाधारणपणे दुपटीपर्यंत आणि काही बाबींत पाच ते दहा पट वाढवले; सैन्यदलांच्या उपप्रमुखांचे अधिकार ५०० कोटींच्या कमाल मर्यादेत १० टक्क्यांनी वाढले. शिवाय तातडीच्या मोहीम-गरजांसाठी आर्मी कमांडरांना विशेष वित्तीय अधिकार असतात ते वेगळेच.

‘बाबूंची समिती’ म्हणून ज्याची थट्टा होते तिचे खरे रूपही पाहावे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांच्या मूळ तरतुदीनुसार २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय करता येत होती, आणि २५,००० ते अडीच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तीन सदस्यांची स्थानिक खरेदी समिती नेमायची होती. बाजारात फिरून दर, दर्जा आणि विक्रेता पाहणारी ही समिती युनिटमध्ये युनिटच्याच माणसांची असते. तिला शेवटी एक दाखला लिहून द्यावा लागतो: माल ठरलेल्या दर्जाचा आहे, किंमत बाजारभावाची आहे, विक्रेता विश्वासार्ह आहे, याबद्दल आम्ही सदस्य एकत्रितपणे आणि व्यक्तिशः समाधानी आहोत. त्यातला ‘व्यक्तिशः’ सहीच्या वेळी फार बोचतो. समितीच्या आडोशाला उभे राहून जबाबदारी टाळण्याची सोय त्याने काढून घेतली आहे.

समिती ठरवते आणि कमांडर शिक्का मारतो, हा दुसरा आरोप नियमांच्या विरुद्ध आहे. संरक्षण खरेदी नियमावलीनुसार एकात्मिक वित्तीय सल्लागार, म्हणजे आयएफए, सल्ला देतो आणि निर्णय सीएफएचा राहतो. सल्ला मान्य नसेल तर सीएफए तो डावलू शकतो. अट एवढीच की कारणे फायलीवर लिहावीत आणि वरच्या प्राधिकाऱ्याला कळवावे. हे क्वचितच घडते, हे मान्य. पण ते क्वचित घडण्याचे कारण अधिकाराचा अभाव नाही. आपण सल्ला का डावलला हे लिहायला बसल्यावर बऱ्याचदा सल्ला बरोबर होता हेच लक्षात येते, आणि कधी कधी, स्पष्टच बोलायचे तर, अधिकाऱ्याला ती कारणे आपल्या नावावर नको असतात. दुसऱ्या परिस्थितीचा दोष समितीला देता येणार नाही.

विलंबाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात तथ्य आहे. फाइल एका शंकेसाठी परत येते, तिचे उत्तर गेले की दुसरी शंका निघते, आणि सगळ्या शंका एकदाच विचारल्या असत्या तर वाचलेले महिने वाया जातात. हा दोष खरा आहे. पण त्यावर समित्या रद्द करण्याचा उपाय सुचवणाऱ्याने आर्थिक वर्षाच्या मध्याला होणारी आढावा बैठक आत बसून पाहावी.

एखाद्या मोठ्या लष्करी ठाण्यात नोव्हेंबरमध्ये अशी बैठक भरली आहे असे समजू. जनरेटरच्या दुरुस्तीच्या कोड हेडखाली, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यात, वर्षाला ६० लाख मिळाले आहेत. शाखाप्रमुख सांगतो की ४५ लाखांच्या ऑर्डरी गेल्या, म्हणजे काम उत्तम चालले आहे. लेखा कार्यालयाच्या संकलनात मात्र खर्च दिसतो १८ लाख. उरलेले २७ लाख कुठे आहेत? काही बिले वाटेत आहेत, काही आक्षेप लागून परत आली आहेत, आणि एका कंत्राटदाराने माल अजून दिलेलाच नाही. त्याच टेबलावर दुसरा विभागप्रमुख बसलेला असतो, ज्याच्या वाहनांच्या दुरुस्तीचा पैसा ऑक्टोबरातच संपला आहे आणि मागच्या वर्षीची देणीही त्याच्याच माथी आली आहेत. पहिल्याकडचे किती लाख खरोखर खर्च होणार नाहीत, दुसऱ्याला ते आताच द्यावेत का, की सुधारित अंदाजात वर जादा मागणी करावी, हे प्रश्न कुणाही एका माणसाला आपल्या खुर्चीतून दिसत नाहीत, कारण प्रत्येक शाखेला फक्त स्वतःची वही दिसते. आकडे एकमेकांसमोर आले की कमांडरला पहिल्यांदा पूर्ण चित्र दिसते, आणि प्राधान्यक्रम लावण्याचे खरे काम तिथून सुरू होते.

ही बैठक नोव्हेंबरमध्ये नीट झाली नाही तर ती मार्चमध्ये आपोआप होते, फार वाईट रीतीने. न वापरलेला निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातातून जातो. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये अशी अर्थ मंत्रालयाची मर्यादा आहे. ती घालावी लागली यातच सगळे आले. मार्चच्या घाईत जे मिळते ते घेतले जाते, जे हवे होते ते राहून जाते.

आणि घाईत नियम शिथिल केल्याने माल लवकर येतो का? कारगिलच्या ऑपरेशन विजयसाठी केलेल्या खरेदीवरील कॅगचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये संसदेत मांडला गेला. तातडी म्हणून नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून केलेल्या या खरेदीतील बहुतांश माल जुलै १९९९ मध्ये लढाई थांबल्यानंतर पोचला, असे त्यात नोंदले आहे. कारखान्यात माल तयार व्हायला लागणारा वेळ सहीच्या वेगाने कमी होत नाही. साठा कमी पडतो आहे हे शांततेच्या वर्षांत कुणीतरी आकड्यांतून दाखवावे लागते, आणि ते काम कंटाळवाण्या बैठकांतच होते.

एकाच खंबीर माणसाच्या हाती सगळे द्यावे ही कल्पना नवी नाही. ती या देशात वापरून झाली आहे आणि तिची किंमत मराठी पलटणींनी मोजली आहे. लॉर्ड किचनर १९०२ मध्ये भारताचा सरसेनापती झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात लष्करी पुरवठा आणि प्रशासन पाहणारा वेगळा लष्करी सदस्य होता. सेनापतीच्या प्रस्तावांवर तो स्वतंत्र मत देत असे आणि किचनरला तेच खुपत होते. या वादात १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. जुने लष्करी खाते गेले, त्याच्या जागी आलेले पुरवठा खातेही १९०९ मध्ये बंद झाले आणि सेनापतिपद व लष्करी प्रशासन एकाच माणसाकडे आले. आजच्या मजकुराची मागणी जवळजवळ अक्षरशः पूर्ण झाली होती.

मग महायुद्ध आले आणि सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा या तीन पलटणी होत्या. नदीतून माल आणि जखमी वाहून न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या, वैद्यकीय व्यवस्था अपुरी होती आणि तरीही बगदादच्या दिशेने आगेकूच सुरू राहिली. बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईतील जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून हाल सोसत नदीपर्यंत यावे लागले. कूत येथे १४७ दिवसांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक शरण गेले. १९१७ मध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पद सोडले. युद्धकाळात सेनापती आणि लष्करी सदस्य ही दोन्ही कामे एका माणसाला पेलणे शक्य नाही, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला.

याच अहवालात सरकारच्या काटकसरीवरही कठोर टीका आहे, आणि प्रतिवाद करणाऱ्याने ती लपवू नये. पैसा नाकारणारे हजार मैलांवर बसले होते. सेनापतीच्या शेजारी मात्र बोटी किती, खाटा किती, पुढे गेल्यास त्या किती लागतील, हे मांडून त्याला थांबवू शकणारे कुणी नव्हते. दूरचा नकार आणि जवळचे मौन एकत्र आले. आजची आयएफए पद्धत या दृष्टीने पाहिली पाहिजे: वित्तीय सल्लागार दिल्लीत न ठेवता कमांडच्या मुख्यालयापाशीच बसवणे, म्हणजे प्रश्न फायलीवर येण्याआधी तोंडी विचारता येतो. पुण्यात दक्षिण कमांडचे प्रधान लेखा नियंत्रक ज्या रस्त्यावर बसतात त्याचे नावच फायनान्स रोड आहे. 

महाराजांचा दाखला देणाऱ्यांनी गडावरचा कारभार आठवावा. अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा अमात्य होता, हे शाळेतच शिकवतात. त्याहून बोलका पुरावा किल्ल्यांचा आहे. गडाचा कारभार एकट्या हवालदाराच्या हाती दिलेला नव्हता. हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघे एका दर्जाचे, त्यांनी मिळून कारभार करायचा. हिशेबाची कागदपत्रे सबनिसाकडे, धान्यकोठार आणि साहित्याची नोंद कारखानिसाकडे. दारूगोळा किती, गल्ला किती महिन्यांचा, हे लढणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालातरी नेहमी ठाऊक असे. ज्यांच्या पराक्रमाचा हवाला देऊन हिशेबनीस हटवायची मागणी होते, त्यांनीच प्रत्येक गडावर हिशेबनीस नेमला होता. वेढ्यात गड महिनोन्‌महिने टिकायचा तो याही कारणाने.

अमेरिकेचे उदाहरण थोडक्यात संपवता येते. तिथल्या लष्करी तळांवर प्रोग्रॅम बजेट ॲडव्हायझरी कमिटी नावाची समिती असते. तळाचे विभागप्रमुख तिचे सदस्य असतात, वित्ताधिकारी आकडे मांडतो, निधी न मिळालेल्या गरजांची क्रमवार यादी होते आणि कमांडरला शिफारस जाते. निर्णय त्याचाच राहतो, इथल्यासारखाच. फरक असलाच तर तो कडकपणाचा आहे: मंजूर निधीपेक्षा जाणूनबुजून अधिक खर्च करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला तिथल्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कोऱ्या चेकबुकाची अमेरिका फक्त त्या मजकुरातच आहे.

राहिला अविश्वासाचा आरोप. हा सर्वांत भावनिक, म्हणून सर्वांत जास्त पुढे पाठवला जाणारा. अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होते, लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र त्यानंतर कधीही येऊ शकतो. आसाममध्ये बदलून गेलेल्या कर्नलला पुण्यातल्या एका जुन्या खरेदीबद्दल पत्र येते: तीन कोटेशनांपैकी सर्वांत स्वस्त का नाकारले? त्या वेळी त्याच्याजवळ ना फाइल असते ना त्या दिवसाची आठवण. नमुना चाचणीत नापास झाला होता, हे तीन सदस्यांच्या सह्यांनिशी कार्यवृत्तात लिहिलेले असेल तर उत्तर एका परिच्छेदात जाते. चेकबुक एकट्याचे असेल, तर तो खुलासाही त्याला एकट्यानेच, आठवणीच्या भरवशावर लिहावा लागेल.