फुकटचं रेशन, लाखाची उचल आणि एक बिनडोक फॉरवर्ड

‘ऊसतोड मजूर गरीब का राहतात? कटू सत्य’ असा एक मेसेज सध्या गटागटांतून फिरतोय. शिकलेसवरलेले लोक खाली अंगठे देताहेत, म्हणून तो आधी थोडक्यात सांगते. फुकट रेशन आणि लाडकी बहीणच्या दीड हजारांमुळे हे लोक आळशी झाले. जोडपं हंगामाआधीच लाखभर रुपये उचलतं आणि उडवतं. पैसे बुडू नयेत म्हणून बायका स्वतःच्या मर्जीने गर्भाशय काढून घेतात. पोरांच्या शाळेची आईबापांना फिकीर नसते. दारात मोटारसायकल उभी असते. आणि शेवटी, गावात सगळे एकमेकांना धरून असतात, उपाशी कुणी झोपत नाही, तेव्हा गरिबीचं रडगाणं बंद करा.

मला हा मेसेज पाठवला माझ्या भाच्याने. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याची पहिल्या वर्षाची फी भावाने, ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन भरली होती. ‘आत्या, पॉइंट तर बरोबर आहे ना?’ असं वर लिहिलं होतं. नाही बाळा, बरोबर नाही. आमचं घर बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. सातवीपर्यंत मी दर दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊस तोडायला फडावर जात होते, म्हणून उत्तर देते.

आधी रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला 35 किलो. 5 किलो म्हणजे दिवसाला 166 ग्रॅम. उसाच्या फडात दिवसभर वाकणाऱ्या माणसाची एक वेळ त्यात धड निघत नाही. तेवढ्यावर कुणी आळशी व्हायचं ठरवलंच, तर आधी उपाशी मरेल. तेल, डाळ, मीठ, मिरची, दवाखाना यांतलं काहीच त्या 5 किलोंत येत नाही. लाडकी बहीण योजना 2024 च्या जुलैपासूनची. बीडची माणसं कोयता घेऊन घाट उतरतात त्याला पन्नास वर्षं झाली. दीड हजाराने लोक घरी बसले असते, तर त्यानंतरच्या दिवाळीला आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून गेलेच नसते.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती कबूल करते. खुरपणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. माझा चुलताही तीच करतो. पण रोजगार हमीचा आपल्या राज्यातला दर 2024-25 साली 297 रुपये होता, आणि चुलता देतो दोनशे. मग बाई कशाला येईल? तिला आळशी म्हणणं सोपं, शंभर रुपये वाढवणं अवघड.

आता ती लाखाची उचल. लिहिणाऱ्याला ती बक्षीस वाटते. ते कर्ज आहे, आणि अंगमेहनतीने फेडायचं असतं. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तेव्हा दर टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, चांगल्या दिवशी दोन टन तोडतात. दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे झाले. त्यात तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं आणि गाडी भरणं सगळं आलं. गाडी रात्री एकला आली तर रात्री एकला भरायची. हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा. त्यात आजारपण, पाऊस, कारखान्याचा बंद हे दिवस वजा करा. शंभर दिवस पुरते भरले तरी 73 हजार होतात. लाख उचललेल्याच्या अंगावर 27 हजार बाकी निघतात. ती पुढच्या वर्षी फेडायची, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं. आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून ठेवायला या देशात 1976 पासून कायद्याने बंदी आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र त्यात मजुराची चैन दिसते.

दारू आहे का? आहे. लग्नात उधळपट्टी होते का? होते. ती कुठे होत नाही ते सांगा, मग पुढे बोलू.

मेसेजमधलं गर्भाशयाचं वाक्य वाचून मात्र माझं डोकं फिरलं. ‘स्वतःच्या मर्जीने.’

2019 साली हा विषय विधिमंडळात गाजल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्या फरकाला मर्जी म्हणत असाल, तर ही मर्जी नेमकी ऊस तोडणाऱ्या बायकांनाच का होते, याचंही उत्तर द्या.

ती होते कशी, ते मी पाहिलंय. फडाशेजारी माळावर कोप्या पडतात. वाकता येईल एवढी उंची, वर ताडपत्री, आत चूल, पोरं आणि अंथरूण. संडास नाही, न्हाणी नाही. बाई अंघोळ करणार ती अंधारात, लुगड्याच्या आडोशाला, मिळेल त्या पाण्याने. पाण्याची खात्री नाही म्हणून पाळीचं कापडही धड धुतलं जात नाही. त्यावर दिवसभर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. हंगामात दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग दुखणं अंगावर काढून उन्हाळ्यात गावी आल्यावर खाजगी दवाखाना गाठायचा. तिथे जे सांगतात ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला तोंडपाठ आहे: ‘पिशवीला सूज आहे. ठेवली तर कॅन्सर होईल.’ साध्या औषधाने बरा होऊ शकणारा संसर्ग असतो, पण कॅन्सर म्हटल्यावर दोन पोरांची आई काय करेल? ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाकडूनच, उचलीत धरून.

हे मी वहिनीला विचारून लिहितेय. तिची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. डॉक्टरने केसपेपरच्या मागे पेनाने गोल काढला, त्यात टिंब दिलं आणि म्हणाला, ‘हे वाढतंय.’ तपासणीला काहीही पाठवलं नव्हतं. त्या दिवाळीनंतर ती परत फडावर होती. आता चाळिशीच्या आत तिचे गुडघे आणि कंबर गेली. अंगात कढ येतात, रात्री झोप नाही. भाच्याला यातलं काही ठाऊक नसावं. आपण कुणाच्या आईबद्दल फॉरवर्ड करतोय हेही ठाऊक नसावं.

‘बरं झालं, कटकट गेली,’ असं म्हणणाऱ्या बायका आहेत, त्या मलाही भेटल्यात. पाळीत आडोसा मिळत नाही आणि एक दिवस बसलं तरी दंड भरावा लागतो, अशा ठिकाणी बाईला ती कटकटच वाटणार. 2019 नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. सगळं मर्जीने चाललं होतं, तर ही परवानगी आणायची वेळ का आली?

शाळेचं थोडक्यात. आईबाप फडावर असताना पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं असतात. ज्या वर्षी ती वेळेवर सुरू होतात आणि आजी-आजोबा धडधाकट असतात, त्या वर्षी पोरं मागे राहतात. वसतिगृह दिवाळीनंतर महिन्याने उघडलं, तर पोरगं तोवर कोपीत धाकट्याला सांभाळत बसलेलं असतं. मोटारसायकल हप्त्यावर मिळते आणि आमच्या वस्तीवर एसटी येत नाही. पुढचा मुद्दा.

शेवटचा मुद्दा गोड आहे, म्हणून जास्त लोकांना पटतो. गाव सांभाळून घेतं. घेतंच, मी कशाला नाकारू? आमच्या वस्तीवर सावड आहे. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, मजुरीचा प्रश्न नाही. पायलीभर ज्वारी उसनी जाते आणि सुगीला परत येते. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजारून येतो. पहिल्या पावसानंतर बाया बांधावरून तांदुळजा, घोळ, पाथरी खुडून आणतात. एक कोरड्यास फुकट होतं. फडावर उसाचे वाढे चाऱ्याला विकून मिठामिरचीचे पैसे निघतात. बचत गटातून अडीअडचणीला दोन-तीन हजार मिळतात. यातलं बरंचसं माझ्या आईने केलंय, म्हणून आम्ही जगलो.

पण ही सगळी व्यवस्था एका घरावर संकट आलं तर चालते. शेजाऱ्याच्या कणगीत असेल तर तो देईल. आमच्याकडे ज्येष्ठ-आषाढात अख्ख्या वस्तीच्या कणग्या एकदमच रिकाम्या होतात. हंगामाचे पैसे संपलेले, पेरणीला बियाणं-खत हवं, शाळा उघडलेली, पावसाचा पत्ता नाही. उसनं मागायचं कुणाकडे? सावडीत अंगमेहनत मिळते, रोख पैसे मिळत नाहीत. गटातले तीन हजार खताच्या दुकानातच संपतात. दुकानदार वहीवर देतो, तेही मागची बाकी बघून. त्या दिवसांत वस्तीवर रोख घेऊन येणारा माणूस एकच असतो, मुकादम. म्हणून ऊस तोडायला जायचं दिवाळीत असलं तरी उचलीचा व्यवहार जून-जुलैपासूनच सुरू होतो. पेरणीच्या वेळी घेतलेले दहा, पोळ्याला पाच, कुणाच्या बाळंतपणाला वीस असं करत दसऱ्यापर्यंत लाख होतात. फॉरवर्डवाल्याने ‘उडवलेला’ म्हटलेला लाख तो हाच.