खुलासा: रीफ टाकीत (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) मोरचूद टाकू नका

‘खाऱ्या पाण्याच्या टाकीत चिमूटभर मोरचूद टाका, दोन दिवसांत शेवाळ साफ’ असा मेसेज सोलापुरातल्या मासेवाल्या मंडळींत फिरतोय. शेवाळ मरेलही, पण मोरचुदातलं तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी कुणालाच सोडत नाही. शिवाय ते दगडात, वाळूत मुरतं आणि पुढे कित्येक दिवस पाझरत राहतं. मोरचूद हे डाळिंबाच्या बागेतलं औषध, ते बागेतच बरं.

शेवाळ पोसलं जातं नायट्रेट आणि फॉस्फेटवर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, टाकीचं पाणी रोज बोटभर उतरतं आणि आपण नळाची बादली ओततो. वाफ होते ती फक्त पाण्याची. बादलीतून आलेलं बाकी सगळं टाकीतच साठत जातं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआय पाण्याची (आरओनंतर डीआय गाळणीतून उरलेले क्षारही काढलेलं पाणी), टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ० दाखवणाऱ्या. घरातलं पिण्याचं आरओ बहुतेक वेळा तिथवर पोचत नाही.

दगडावरचं केसांसारखं हिरवं शेवाळ टूथब्रशने खरवडा आणि तुकडे तरंगायच्या आत नळीने ओढून घ्या, नाहीतर ते दुसरीकडे रुजतात. दिवे ८ तास पुरेत. माशांचं खाणं कमी करा. फॉस्फेट मात्र पार शून्यावर नेऊ नका, प्रवाळालाही थोडं लागतं.