'बांगड्या भरल्यास काय' न्यूयॉर्कहून आलं का?
अमेरिकेतनं आलेलं रॅप ऐकून पोरं बाईला तुच्छ समजायला लागली, बंदुकीची भाषा करायला लागली, असं रॅपवरच्या एका लेखात म्हटलंय. अर्धं पटलं. माझा भाचा मित्रांसोबत रंकाळ्यावर रॅप करतो. त्याच्या वहीत पानोपानी 'मर्द', आणि पोरगी आली की एकतर धोकेबाज नाहीतर जिंकून आणायची वस्तू. पण हे सगळं त्यानं अमेरिकेकडनं उचललं? आमच्या गल्लीत 'बांगड्या भरल्यास काय' हे त्याच्या जन्माआधीपासून चालतंय की!

दुसरं, लेखात बायकांचं नावच नाही. ११ ऑगस्ट १९७३ च्या न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा (रॅप ज्याचा भाग आहे त्याचा) जन्म मोजतात, ती तिथं गाणी वाजवणाऱ्या डीजे कूल हर्कच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं ठेवली होती. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून. १९९३ मध्ये क्वीन लतीफा या रॅपर बाईनं बाईला शिवी देणाऱ्याला गाण्यातच जाब विचारला, त्या गाण्याला पुढं संगीतातला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. टुपाक आणि बिगी हे रॅपर मात्र १९९६ आणि १९९७ ला गोळ्या लागून गेले, ते तेवढं सगळ्यांना पाठ.

भाच्याला म्हटलं, हे तुझ्या आईसमोर म्हणून दाखव. गडी पाणी प्यायला म्हणून उठला, अजून आलेला नाही.